अनोळखी माणसाला पाणी द्यायचं, पण नातवंडांना काय सांगायचं?

ओट्यावरची आजी, अमळनेर
मी निवृत्त शिक्षिका, वय 69. मुलगा-सून पुण्याला असतात. नातू आठ वर्षांचा, नात साडेचारची. उन्हाळ्याच्या सुटीत दोघं महिनाभर माझ्याकडे असतात.

आमच्या ओट्याच्या कडेला, कडुनिंबाखाली पाण्याचा रांजण आहे. सासऱ्यांच्या काळापासूनचा. मंगळवारी मंगळग्रह मंदिराला आलेली माणसं, भंगारवाला, केळीचा ट्रक उभा करून आलेला ड्रायव्हर, सगळे तिथं टेकतात. मी विचारते, "कोन गावना शेतस भाऊ?" पारोळ्याचा निघाला की आमच्या गल्लीतल्या कुणाच्या तरी सासरचा निघतोच! सकाळी रांजण भरायचं काम नातवाचं, तांब्या राखेनं घासायचं नातीचं. त्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

मागच्या मंगळवारी एका म्हाताऱ्या बाबांनी पाणी पिऊन तिच्या हातावर प्रसाद ठेवला. तिनं तो खाल्ला आणि रात्री फोनवर आईला कौतुकानं सांगितलं. सून रडवेली झाली. "आई, आम्ही वर्षभर शिकवतो ते तिकडे महिन्यात पुसलं जातं," एवढंच म्हणाली. रागावली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

सकाळी नातवानं विचारलं, "आजी, तू त्या बाबांना ओळखते?"
"नाही रे."
"मग मी पण अनोळखी माणसांशी बोलू?"
इतकी वर्षं मुलं शिकवली, पण मला उत्तर सुचलं नाही.

रांजण मी बंद करणार नाही. सुनेची काळजीही खोटी नाही. तुम्ही काय करता?

दोन पोरांचा बाप, पुणे (मूळ चोपडा)
मावशी, मी तुमच्या सुनेच्या बाजूनं बोलतो. इथं सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं, त्यामुळे नियम कडकच लागतात. पण "अनोळखी म्हणजे वाईट" हे आम्ही शिकवणं सोडलं. मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. आम्ही वागणं ओळखायला शिकवतो. कुणी "आईला सांगू नको" म्हणालं, तर ते लगेच येऊन सांगायचं. कुणी एकट्याला बाजूला बोलावलं, नको म्हटल्यावरही अंगाला हात लावला, तर ओरडायचं आणि पळत घरात यायचं. मग तो मामा असो की वाटसरू. 1098 हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबरही मोठ्याला पाठ करून दिलाय.

धुळ्याची लेक
आजी, रांजण बंद करू नकाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण पितरांच्या नावानं घागर भरतो. पोरांनी पाणी देताना पाहिलंच नाही, तर ती घागर कशासाठी ते त्यांना कळेल कसं?

आमच्या आजीकडे ओट्याची शेवटची पायरी ही हद्द होती. तिच्या खाली एकटं उतरायचं नाही. कुणी काही दिलं तर हात जोडून घ्यायचं आणि तसंच आजीच्या ओंजळीत टाकायचं. खाऊ द्यायचं की नाही ते ती ठरवायची. देणाऱ्यालाही वाईट वाटत नसे.

नवी सून, नाशिक
आजी, हे सगळं सुनेला तुम्हीच फोन करून सांगा, मुलामार्फत नको. माझ्या सासूबाईंनी असा फोन केला असता तर मी निम्मी निश्चिंत झाले असते.

ओट्यावरची आजी, अमळनेर
केला फोन. पाऊण तास बोललो. पायरीचा नियम सुनेला पटला. "अंगाला हात" हे मात्र तिनं स्वतः पोरांना समजावलं, ते बरंच झालं. मला ते शब्द जमले नसते.

काल मंगळवार. शिरपूरच्या एका बाईंनी पाणी पिऊन पिशवीतला आंबा काढून नातीला दिला. ती दोन्ही हातांत तो धरून माझ्यापर्यंत आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, हा धुऊन देशील?"