आई-बाबांसह ऑरलँडो: मुक्काम आवारात की बाहेर?

प्रेषक: अटलांटा येथील सभासद, सध्या मुक्काम तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

महिनाभराच्या रजेवर गावी आलो आहे. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, तूर काढणीला आली आहे, आणि रात्री जेवणे आटोपून अंगणात बसलो की एकच विषय निघतो: मे महिन्यात आई-बाबांना अमेरिकेतील ऑरलँडोचे डिस्ने वर्ल्ड, म्हणजे मनोरंजन उद्यानांचे भले मोठे आवार, दाखवायला न्यायचे, तर मुक्काम कुठे करायचा? मृग लागायच्या आत आपण गावी परतलेले असले पाहिजे, असे बाबांनी आधीच बजावले आहे. मुलांच्या शाळा मेच्या अखेरीस सुटतात, त्यामुळे हाती जेमतेम सहा दिवस राहतात. आम्ही सहा जण आहोत. बाबा ७२ वर्षांचे असून त्यांचा उजवा गुडघा दुखतो. आई ६८ वर्षांची, पूर्ण शाकाहारी. शिवाय आम्ही दोघे आणि ८ व ११ वर्षांची दोन मुले. अटलांटाहून आम्ही आमच्याच गाडीने येणार आहोत.

खर्च पाहता माझा कल आवाराबाहेर किसिमी गावी, १९२ क्रमांकाच्या महामार्गालगत एखादे स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेण्याकडे होता. आईनेही पहिला प्रश्न तोच विचारला, "तिथं चूल नसन तं मी खाऊ काय? चार दिवस ब्रेडवर राहनं मले जमत नाही."

परंतु माझ्या थोरल्या भावाने ताडोब्याची आठवण करून दिली आणि माझा निश्चय डळमळला. पहिल्या वेळी आम्ही पैसे वाचवण्यासाठी चंद्रपुरात उतरलो होतो. सकाळच्या सफारीसाठी पहाटे साडेतीनला सगळ्यांना उठवले, अंधारात मोहर्लीचे प्रवेशद्वार गाठले, आणि जिप्सी आत शिरेपर्यंत बाबा पेंगू लागले होते. दुसऱ्या वेळी मोहर्लीतच राहिलो. तेव्हा सकाळची फेरी आटोपून बाबा खोलीवर आले, जेवले, दोन तास झोपले आणि दुपारच्या फेरीला आमच्याआधी तयार होऊन बसले. जंगल तेच, माणसे तीच. फरक केवळ खोली आणि दार यांच्यातील अंतराचा होता. ऑरलँडोतही असेच घडते काय, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे.

आपला नम्र,
दारव्ह्याहून

———

प्रेषक: टॅम्पा येथील सभासद, मूळ गाव ब्रह्मपुरी तालुका

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेले ताडोब्याचे उदाहरण अगदी योग्य आहे, मात्र येथे अंतराचा हिशेब थोडा निराळा करावा लागतो. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एकच उद्यान नव्हे. सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या आवारात चार मोठी उद्याने आहेत: १९७१ साली सुरू झालेले मॅजिक किंगडम, १९८२ चे एपकॉट, १९८९ चे हॉलिवूड स्टुडिओज आणि १९९८ चे अ‍ॅनिमल किंगडम. म्हणून आवारातले हॉटेल घेतले तरी चारही उद्याने पायी गाठता येतील असे नाही. आवारात राहून खरोखर पदरात पडते ती वाहतूक आणि सकाळची वेळ.

मॅजिक किंगडमचेच पाहा. स्वतःच्या गाडीने गेल्यास ती वाटेतल्या सरोवराच्या अलीकडच्या वाहनतळावर उभी करावी लागते. तेथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे गेल्यावर मग प्रवेशद्वार लागते. बाहेरच्या हॉटेलांच्या बसही बहुधा त्या तळावरच सोडतात, आणि त्यांच्या फेऱ्या मोजक्याच असतात. डिस्नेच्या हॉटेलांची बस मात्र थेट दाराशी उतरवते. दुखऱ्या गुडघ्याने सकाळी हे तीन टप्पे पार करणे एक वेळ जमेल, पण दुपारी परतताना ते पुन्हा, आणि संध्याकाळी यायचे असल्यास तिसऱ्यांदा, हे आपल्या बाबांना झेपणार नाही. मग एक तर ते दिवसभर बाकावर बसून राहतात, नाहीतर सगळे कुटुंब दुपारीच माघारी फिरते आणि मुले हिरमुसतात. माझ्या सासऱ्यांना घेऊन आम्ही बाहेरच्या एका हॉटेलात उतरलो होतो, तेव्हा हे दोन्ही प्रकार आम्ही भोगले. परतीची बस पावणेदोन तासांनी होती, आणि तेवढा वेळ ते घामाघूम होऊन छपराखाली बसून राहिले, हे मला आजही सलते.

मेच्या अखेरचे येथील ऊन चंद्रपूरच्या उन्हापुढे काहीच नाही, पण हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि दुपारनंतर विजांसह पाऊस कोसळू लागतो. त्यामुळे आपल्याकडे शेतात जसे सकाळी लवकर जाऊन उन्हाच्या वेळी झाडाखाली यायचे, तसेच वेळापत्रक येथेही ठेवावे. डिस्नेच्या कोणत्याही हॉटेलात उतरणाऱ्यांना रोज प्रत्येक उद्यानात अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. ३० मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, पण गर्दीच्या खेळांपैकी एक-दोन त्यातच आटोपतात. रांग टाळण्याचा जो सशुल्क लायटनिंग लेन पास आहे, त्याची नोंदणीही आवारातल्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी करता येते, तर बाहेरच्यांना भेटीच्या तीन दिवस आधी. शिवाय उद्यानांच्या वाहनतळाचे शुल्क आवारातल्यांना द्यावे लागत नाही. बाहेरच्या हॉटेलाचे भाडे पाहताना हे शुल्क आणि अनेक ठिकाणी वेगळे आकारले जाणारे रिसॉर्ट शुल्क मिळवूनच तुलना करावी. फरक उरतोच, पण आधी दिसत होता तेवढा राहत नाही.

सहा जणांसाठी मी आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलातील फॅमिली स्वीट सुचवीन. त्यात सहा जण झोपू शकतात, दोन न्हाणीघरे आहेत, मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज आहे. तेथून २०१९ साली सुरू झालेला स्कायलायनर हा रोपवे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला नेतो. चाकांची खुर्चीही त्यात चढवता येते. विजा चमकू लागल्या की तो थांबवतात आणि बस घ्यावी लागते, एवढे लक्षात असू द्यावे. स्वयंपाकाची शेगडी मात्र त्या खोलीत नाही, आणि आईंचा प्रश्न तेथे अडतो.

आपला,
टॅम्पाहून

———

प्रेषक: माजी सभासद, सध्या वास्तव्य तालुका सेलू, जिल्हा वर्धा

सप्रेम नमस्कार.

आम्ही गावी परतून बरीच वर्षे झाली, तरी पत्रव्यवहार आवडीने वाचते. माझ्या सासूबाईंनाही भाकर लागायची, म्हणून आम्ही किसिमीत घर घेतले होते. तेथील विजेच्या सपाट शेगडीवर भाकर नीट फुगत नाही. सोबत जाळी नेल्यास काम भागते. घराचे सुख मोठे होते, हे मी मोकळेपणाने सांगते. कपडे धुता येत होते, मुले झोपल्यावर मोठ्यांना बसायला जागा होती, आणि सासूबाई रोज पोटभर जेवत होत्या. पण उद्यानाच्या दिवशी त्या घराचा दुपारी एकदाही उपयोग झाला नाही, कारण जाऊन-येऊन दोन तास मोडायचे.

तेव्हा दोन्ही करता येईल. डिस्नेच्या उद्यानांत स्वतःपुरते खाणे नेऊ देतात, फक्त काचेची भांडी चालत नाहीत आणि तेथे गरम करावे लागेल असे काही नसावे. आधी दोन रात्री घरात राहून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखट पुऱ्या करून घ्याव्यात, आणि मग आवारात जावे. वरण-भात मायक्रोवेव्हमध्ये होतो.

आपली,
सेलूहून

———

प्रेषक: अटलांटा येथील सभासद, मुक्काम दारव्हा तालुका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पत्रे आई-बाबांना वाचून दाखवली. पहिल्या दोन रात्री किसिमीत घर आणि नंतरच्या तीन रात्री आवारातली फॅमिली स्वीट, असे ठरले आहे. आत राहायला येण्याच्या आणि खोली सोडण्याच्या दिवशीही सकाळचा प्रवेश मिळत असल्याने तीन रात्रींच्या भाड्यात चार सकाळी मिळतात; चार उद्यानांना चार दिवस पुरतात. दुपारी बाबांसोबत खोलीवर मी परतेन, आणि मुलांजवळ माझी पत्नी थांबेल.

आईने जाळी आजच माजघरातून काढून माझ्या बॅगेजवळ ठेवली आहे.

आपला नम्र,
दारव्ह्याहून