१९९१ ची डिझेल लँड क्रूझर घरी दुरुस्त करत आहे: इंजिन आत्ताच खोलावे का, आणि टर्बोचा विचार करावा का?

नमस्कार.

माझ्याकडे १९९१ सालची टोयोटा लँड क्रूझर, ७५ मालिकेतील, आहे. इंजिन १एचझेड, म्हणजे ४१६४ सीसीचे, सहा सिलेंडरचे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारे यंत्र) नसलेले आणि प्री-चेंबर पद्धतीचे, म्हणजे इंधन आधी हेडमधील (सिलेंडरवरच्या झाकणातील) एका छोट्या कप्प्यात फवारले जाते. गाडी माझ्या काकांची होती. त्यांनी चालवणे थांबवल्यानंतर ती चार वर्षे शेडमध्ये उभी होती आणि गेले आठ महिने मी सुट्टीच्या दिवशी घरीच तिच्यावर काम करत आहे. मीटरवर ३,४०,००० किलोमीटर दिसतात. ती खडकाळ आणि चिखलाच्या वाटांवर, सामानासह, भरवशाने चालावी एवढाच माझा उद्देश आहे. काम आता अशा टप्प्यावर आले आहे की पुढचा निर्णय चुकला तर पूर्ण झालेले भाग पुन्हा उतरवावे लागतील, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत जास्त वेळ चॅसीने घेतला. मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरजवळ पूर्वी कोणीतरी गंजावरच पत्रा ठेवून वेल्डिंग केले होते आणि वरून जाड काळा रंग मारला होता, त्यामुळे बाहेरून तो भाग धडधाकट दिसत होता. हातोडीने ठोकून पाहिल्यावर एका जागी खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज आला. तिथे टोकदार अवजार लावताच ते आरपार गेले. सडलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत कापून काढला, मूळ जाडीचीच पट्टी घेतली आणि जोडाची रेघ चॅसीला आडवी सरळ येऊ नये म्हणून पट्टीची टोके तिरकी ठेवली, कारण आडव्या सरळ जोडापाशीच पुढे तडा जाण्याचा धोका अधिक असतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवले होते. रंग वाळल्यावर चॅसीच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा मारला. बाहेरून कितीही रंग दिला तरी पेटीसारख्या चॅसीत गंज आतूनच वाढतो, त्यामुळे ही पायरी मी वगळणार नव्हते.

पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही नकल, म्हणजे चाके वळवणारे सांधे, खोलल्या. आतल्या सीलमधून डिफरन्शियलचे ऑइल नकलमध्ये उतरून ग्रीसचा पातळ चिखल झाला होता, मात्र जॉइंटच्या खाचांत खड्डे नव्हते. सील, बेअरिंग आणि ग्रीस नवे घातले आणि शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलत, स्टिअरिंगच्या हाताला स्प्रिंगकाटा लावून बेअरिंगचा ताण पुस्तकातील मर्यादेत आणला. ब्रेकचे सर्व रबरी पाइप आणि चाकांचे सिलेंडर नवे आहेत. त्याविषयी विचारण्यासारखे काही उरलेले नाही.

आता मूळ अडचण. थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो, सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटे पांढरा धूर येतो आणि इंजिन एका लयीत चालत नाही. तापले की धूर जातो, पण चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. मी आतापर्यंत पुढील गोष्टी केल्या. टाकी उतरवून धुतली, कारण तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ होता. डिझेल पंपाच्या तोंडाशी काही दिवस पारदर्शक नळी बसवली, तेव्हा सुरुवातीला त्यात सतत बुडबुडे दिसत होते. जुने रबरी पाइप आणि फिल्टरवरच्या हातपंपाचे सील बदलल्यावर ते थांबले. थंड इंजिनात ज्वलनाची जागा तापवणारे हीटर प्लग एकेक करून तपासले आणि सहापैकी दोन निकामी निघाले, म्हणून सहाही नवे घातले. नोझल तपासून घेतल्या व त्यांचे वॉशर नवे बसवले. एवढे झाल्यावर सुरू होणे थोडे सुधारले, पण पांढरा धूर आणि डळमळीत चाल कायम राहिली.

म्हणून शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजले. इंजिन तापवले, सर्व हीटर प्लग काढले आणि पंपाच्या सोलेनॉइडची तार सोडून इंधन बंद केले. आकडे पीएसआय या दाबाच्या एककात आणि पहिल्या सिलेंडरपासून क्रमाने देत आहे: ४४०, ४३०, ३३०, ३२०, ४३५, ४२५. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तेव्हाही फरक ५ ते १० पीएसआयपेक्षा अधिक नव्हता. म्हणजे तिसरा आणि चौथा हे शेजारचे दोन सिलेंडर इतरांपेक्षा जवळजवळ १०० ने खाली आहेत.

इथे काकांच्या वहीचा उल्लेख करायला हवा. त्यांनी गाडीच्या प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले आहेत. त्यात टायमिंग बेल्ट बदलल्याची शेवटची नोंद २,१०,००० किलोमीटरची आहे. हा बेल्ट दर १,००,००० किलोमीटरला बदलायचा असतो आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, त्यामुळे नोंद वाचली त्याच दिवशी मी गाडी बाहेर नेणे थांबवले. शेवटच्या पानांवर "रेडिएटर, पाणी १ लिटर" अशी नोंद आधी दोन महिन्यांनी, मग दर पंधरवड्याला दिसते. खालच्या पाइपाच्या जोडाशी कूलंटचे डाग होते, त्यामुळे पाणी तिथूनच जात असावे असे मी धरून चालले आहे.

आता टर्बोविषयी. एका ओळखीच्या व्यक्तीकडे याच इंजिनासाठीचा वापरलेला टर्बो संच आहे आणि तो मला मिळू शकतो. उंचावरच्या रस्त्यांवर आणि पूर्ण भारानिशी हे इंजिन धापा टाकते, त्यामुळे मोह होतो. पण या इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर २२ च्या वर आहे आणि मूळ रचना टर्बोसाठी केलेली नाही. डिझेलमध्ये इंधन वाढवले की जळालेल्या वायूंचे तापमान वाढते आणि हवा वाढवली की ते उतरते, एवढे तत्त्व मला समजते. अर्धा बारच्या आसपास दाब, इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा), मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट आणि टर्बोच्या आधी बसवलेला तापमापक एवढ्यावर प्री-चेंबर आणि हेड दीर्घकाळ टिकतात का, हे ज्यांनी प्रत्यक्ष गाडी चालवून पाहिले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

माझे मुख्य प्रश्न दोन आहेत. या आकड्यांवरून हेड आत्ताच उतरवावे, की बेल्ट बदलून गाडी काही काळ चालवून पाहावी? आणि टर्बो बसवायचाच असेल तर हेडचे काम त्याच वेळी करावे, म्हणजे एकच खर्च आणि एकच खोलणे होईल, असा विचार योग्य आहे का?

आणखी एक लहान शंका. पाट्यांनी गाडी ५० मिलिमीटर उंच करणार आहे. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला आहे. त्याचे काही करावे लागते का?

प्रतिसाद

आपण केलेल्या तपासणीचा क्रम योग्य आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. शेजारचेच दोन सिलेंडर सारख्याच प्रमाणात कमी असतील तर रिंग (पिस्टनभोवतीची कडी) किंवा व्हॉल्व्हपेक्षा त्या दोघांमधील हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधील सीलचा) संशय आधी घ्यावा, कारण रिंगा अशा जोडीने आणि एवढ्याच झिजणे हा विरळा योगायोग असतो. त्यातही वहीतील पाण्याच्या नोंदी मला पाइपाच्या डागांपेक्षा अधिक बोलक्या वाटतात. जोडातून गळणारे पाणी इतक्या नियमितपणे वाढत जाण्याची शक्यता कमी आहे.

सिलेंडरमध्ये ऑइल घालून पुन्हा कॉम्प्रेशन मोजण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. डिझेलमध्ये ज्वलनाची जागा इतकी लहान असते की थोड्या ऑइलनेही आकडा फसवा वाढतो आणि जास्त झाल्यास इंजिनाला इजा होऊ शकते. त्याऐवजी तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून हीटर प्लगच्या जागेतून दाबाची हवा सोडा, गाडी गिअरमध्ये व हँडब्रेकवर ठेवून, आणि हवा कुठून निघते ते ऐका. चौथ्याच्या छिद्रातून आली तर गॅस्केट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, एक्झॉस्ट किंवा हवेच्या फिल्टरकडून आली तर व्हॉल्व्ह. रेडिएटरचे झाकणही काढून ठेवा आणि पाण्याकडे लक्ष असू द्या.

टर्बोबाबत माझे मत स्पष्ट आहे. मी याच इंजिनावर तो अनेक वर्षे चालवला आहे आणि आपण लिहिली आहे तशीच मांडणी ठेवली होती. टर्बोच्या आधीचे तापमान सतत ६५० अंश सेल्सिअसच्या खाली राहील अशी इंधनाची मात्रा ठेवली आणि लांब चढावर पाय आवरला, म्हणून हेड टिकले. परंतु हे सर्व निरोगी इंजिनावर होते. हेडचे काम आणि टर्बो एकाच वेळी करू नये. नंतर पाणी जाऊ लागले किंवा तापमान वाढले, तर दोष गॅस्केटचा, हेडचा की टर्बोचा हे सांगता येणार नाही. आधी हेड नीट करा, निदान ५,००० किलोमीटर चालवा आणि मग ठरवा.

आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर होय असे आहे. गाडी उंच केली की त्या व्हॉल्व्हला मागचा भाग रिकामा आहे असे वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. दांड्याचा आधार उंचीइतका हलवून घ्या आणि शक्य असल्यास दाब मोजून जुळवा. ब्रेकचे रबरी पाइप अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबला असताना ताणले जात नाहीत ना, तेही पाहा.

धागालेखिकेचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे काल हवेची चाचणी केली. तिसऱ्यात हवा सोडताच चौथ्याच्या छिद्रावर ठेवलेला कागद उडाला आणि रेडिएटरच्या तोंडाशी बारीक, पण न थांबणारे बुडबुडे दिसले. चौथ्यात हवा सोडली तेव्हा तीच गोष्ट उलट दिशेने घडली. ऑइलच्या झाकणाशी मात्र कान लावूनही विशेष काही ऐकू आले नाही. पाण्याविषयीचा माझा अंदाज चुकीचा होता आणि पाइपाचा डाग मिळाल्यावर मी पुढे शोधणेच थांबवले होते.

आज हेड उतरवले. तिसऱ्या आणि चौथ्या सिलेंडरमधील अरुंद पट्टीवर गॅस्केट जळून काळे पडले आहे आणि तिथूनच पाण्याच्या वाटेकडे एक बारीक रेघ गेलेली दिसते. सिलेंडरच्या भिंतींवर मूळ तिरक्या रेघा अजून स्पष्ट आहेत, त्यामुळे खालचे इंजिन न खोलता राहू देण्याचा विचार आहे. हेड सोमवारी पाण्याच्या दाबावर तपासायला आणि सपाटी मोजायला देत आहे. बेल्ट, त्याचा टेन्शनर, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप याच वेळी बदलेन. टर्बो संचाला या वर्षी नकार कळवला आहे, पण एक्झॉस्टचा तापमापक आत्ताच बसवणार आहे, म्हणजे टर्बोशिवायचे तापमान किती राहते याची नोंद पुढील निर्णयासाठी हाताशी असेल.

एका गोष्टीत पुन्हा मदत हवी आहे. गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचे मिळते आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून निवडायचे असते, हे मला माहीत आहे. सहाही पिस्टनची मोजमापे डायल गेजने उद्या घेईन. प्रश्न हेडचा आहे. सपाटीत फरक निघाला आणि हेड घासावे लागले, तर प्री-चेंबरची तोंडे हेडच्या पातळीपेक्षा किती वर राहू द्यावीत, आणि ती घासण्यापूर्वी बाहेर काढून नंतर पुन्हा बसवावीत की हेडसोबतच घासली तरी चालतात? ज्यांनी हे काम स्वतः करून घेतले आहे त्यांनी कृपया सोमवारपूर्वी लिहावे, कारण हेड देतानाच मला तशी सूचना करावी लागेल.