मदत हवी आहे: लेबलवरचा ठळक मोनोस्पेस फॉन्ट वाचता येत नाही

सुटेभाग
आमच्या दुचाकींच्या सुट्या भागांच्या दुकानात प्रत्येक खणावर पार्ट नंबरचे लेबल लावतो. नंबर ठसठशीत दिसावा म्हणून सेरिफ (रेषांच्या टोकांना असणाऱ्या छोट्या शेपट्या) नसलेला मोनोस्पेस, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा, फॉन्ट घेऊन तो बोल्ड केला, तर आठ आणि बी एकसारखे दिसू लागले, एमचा काळा ठिपका झाला आणि रकानेही सरळ उतरत नाहीत. काल याच गोंधळात गिऱ्हाइकाला चुकीचा भाग दिला गेला. सोमवारपर्यंत सगळी लेबले लावायची आहेत, तरी चांगला ठळक फॉन्ट कोणता ते कृपया लवकर सांगावे.

रात्रपाळी
जेटब्रेन्स मोनो घ्या. २०२० साली आलेला हा फॉन्ट मी रोज कोड लिहिताना वापरतो. त्यातील लहान लिपीची अक्षरे उंच असल्यामुळे काळ्या पडद्यावर डोळे शिणत नाहीत.

अक्षरवेल
रात्रपाळी, प्रश्न पडद्याचा नसून छापील लेबलचा आहे. सुटेभाग, सध्याचा फॉन्ट कोणता, आकार किती पॉइंट आणि प्रिंटर कोणता, हे कळल्याशिवाय सल्ला देणे कठीण आहे.

खिळेजुळारी
माझे मत विचाराल तर ओसीआर-बी. आद्रियान फ्रूटिगर यांनी १९६८ साली तो यंत्राला आणि माणसाला दोघांनाही वाचता यावा म्हणून घडवला. आपल्या पासपोर्टच्या तळाशी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या याच फॉन्टात छापलेल्या असतात.

सुटेभाग
फॉन्ट सोर्स कोड प्रो, आकार ६ पॉइंट, प्रिंटर २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) थर्मल, म्हणजे उष्णतेने छापणारा. लेबल ५० मिलिमीटर रुंद आहे आणि नंबर १२ अक्षरांचा आहे. नंबर, भागाचे नाव आणि किंमत एकाच ओळीत आहेत. फॉन्टची एकच फाइल उतरवली होती आणि सॉफ्टवेअरमधले बोल्डचे बटण दाबले.

अक्षरवेल
दुखणे त्या बटणात आहे. बोल्डची स्वतंत्र फाइल नसली की सॉफ्टवेअर साध्या अक्षराच्याच रेषा फुगवते. साधारण फॉन्टात बोल्ड अक्षर थोडे रुंद होऊन वाढलेली जाडी सामावून घेते, पण मोनोस्पेसमध्ये आय असो वा एम, जागा तेवढीच राहते, त्यामुळे वाढलेली प्रत्येक रेषा अक्षराच्या आतली मोकळी जागा खाते. खऱ्या बोल्डमध्ये आरेखक एमचे तिन्ही पाय इतर अक्षरांच्या रेषांपेक्षा बारीक करतो आणि आठच्या दोन पोकळ्या जाणीवपूर्वक उघड्या ठेवतो. हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण वाचणाऱ्याला ते कधी दिसत नाही. शिवाय आपला आकारही फार लहान आहे. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, त्यामुळे २०३ डीपीआयला ६ पॉइंट म्हणजे सुमारे १७ ठिपके, आणि या फॉन्टात प्रत्येक अक्षराची रुंदी या आकाराच्या ०.६ पट, म्हणजे जेमतेम १० ठिपके. एमचा एकेक पाय अडीच ठिपक्यांचा धरला, तरी दोन फटींसाठी मिळून अडीचच उरतात.

खिळेजुळारी
म्हणूनच मी ओसीआर-बी म्हणालो. त्याच्या रेषेची जाडी आधीच ठरवलेली आहे.

अक्षरवेल
त्याबद्दल आदर आहे, परंतु त्यात शून्य आणि ओ यांचा फरक केवळ आकारातून कळतो. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला शून्याच्या पोटातला ठिपका अधिक उपयोगी, आणि तो सोर्स कोड प्रोमध्ये आहेच. फॉन्ट बदलू नका. त्याची बोल्ड किंवा सेमीबोल्ड (किंचित कमी ठळक) फाइल बसवा आणि नंबरला १२ पॉइंटात स्वतंत्र ओळ द्या. १२ अक्षरे सुमारे साडेतीस मिलिमीटरमध्ये बसतील.

मीटरगेज
थर्मल प्रिंटरची डार्कनेसही (छपाईचा गडदपणा) दोन पायऱ्या कमी करून पाहा, जास्त उष्णतेने रेषा पसरतात. भागाचे नाव मराठीत आहे का?

सुटेभाग
हो, नाव मराठीतच आहे. ते सांगायचे राहिले.

मीटरगेज
मग रकान्यांचे कारण तेच. त्या फॉन्टात देवनागरी नाही, त्यामुळे संगणक दुसऱ्याच फॉन्टातून ती अक्षरे घेतो आणि त्यांची रुंदी सारखी नसते. त्यातून सॉफ्टवेअर अक्षरे मोजून रिकाम्या जागा भरत असेल, तर ‘स्प्रिंग’ त्याच्या लेखी आठ चिन्हांचा शब्द असतो आणि आपल्याला दोनच अक्षरे दिसतात. मराठी टंकयंत्रावर कळ दाबली की गाडा ठरावीक अंतरच सरकत असे, आणि म्हणून अर्धे अक्षर उमटवून त्याला वेगळ्या कळीने काना जोडावा लागे. मी त्यावर बरीच वर्षे काम केले आहे. तो ठोकळेबाजपणा देवनागरीवर पुन्हा लादू नये असे मला मनापासून वाटते.

रात्रपाळी
देवनागरीसाठी मोनोस्पेस फॉन्ट शोधून पाहायला काय हरकत आहे?

मीटरगेज
‘ग’ आणि ‘ष्ट्र’ एकाच मापाच्या चौकटीत बसवले, तर एक सैल पडेल आणि दुसरे चेंगरेल. नाव साध्या देवनागरी फॉन्टात खालच्या ओळीवर घ्यावे आणि किंमत रिकाम्या जागा न भरता उजव्या कडेला जुळवावी.

सुटेभाग
बोल्डची फाइल बसवली, नंबर १२ पॉइंटात घेतला आणि डार्कनेस कमी केली. आता आठ आणि बी शिडीवरूनही वेगळे ओळखू येतात. नाव खालच्या ओळीवर नेले, पण किंमत उजवीकडे जुळवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. किमतीसाठी वेगळी चौकट टाकावी लागेल का?

मीटरगेज
हो, वेगळी चौकट टाका आणि तिचे अलाइनमेंट उजवे ठेवा.