'इन कॅमेरा' म्हणजे कॅमेऱ्यासमोर की कॅमेऱ्यावाचून?

आडकित्ता: फौजदारी खटले टीव्हीवर दाखवावेत का, यावरचा लेख मराठीत आणतोय. 'पीडितेची साक्ष इन कॅमेरा झाली' याचं संपादनात 'कॅमेऱ्यासमोर झाली' झालं. नेमका उलटा अर्थ! 'बंद दाराआड' म्हटलं तर आत काही काळंबेरं चाललंय असं वाटतं. मग शब्द कोणता?

मोडी: संपादकाला फार बोल लावू नका. बातम्यांत 'इन कॅमेरा शवविच्छेदन' सर्रास येतं आणि तिथे अर्थ चित्रीकरणासह असाच असतो. कोर्टाच्या बातमीत तोच शब्द म्हणजे बघ्यांना बाहेर काढून. एकाच पानावर दोन्ही नांदतात.

रफार: नांदतात म्हणून बरोबर? लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे कमानदार छताची खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' ही अंधारी खोली. त्यातला अंधार गळला आणि यंत्राला नुसतं खोली हे नाव उरलं. आपला 'कमरा' त्याच कुळातला, पगार-चावी-बटाट्यासारखा पोर्तुगीजांकडून आलेला. 'दालनात' लिहा.

कलमदान: नको. अशी साक्ष बहुधा त्याच कोर्टरूममध्ये होते, फक्त लोकांना बाहेर काढतात. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ३६६ (जुन्या कायद्यात ३२७) पाहा: नियम खुल्या न्यायालयाचा, बलात्काराचे खटले अपवाद. आणि खुलं म्हणजे छापायला मोकळं, असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयात बदनामीच्या एका दाव्यात साक्ष खुल्या कोर्टात झाली, पण साक्षीदाराच्या धंद्याला झळ लागू नये म्हणून ती छापायला मनाई झाली. त्या मनाईविरुद्ध पत्रकार मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले, १९६६ साली हरले. तुम्ही सरळ 'लोकांना बाहेर ठेवून' लिहा.

रफार: ही व्याख्या झाली, शब्द नव्हे.

मोडी: मुळात 'खटला दाखवणे' हेच सैल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचं २७ सप्टेंबर २०२२ पासून दिसतं ते वकिलांचे युक्तिवाद, ती सुनावणी. साक्षीपुरावा, उलटतपासणीसकट, त्याच न्यायालयाच्या ई-समितीच्या २०२१ च्या नमुना नियमांनी प्रक्षेपणातून वगळलाय. कारण साधं आहे. सहावा साक्षीदार पिंजऱ्यात असताना सातव्याला बाहेर बसवतात. त्याने व्हरांड्यात मोबाइलवर 'चाकू कोणत्या हातात होता?' याचं उत्तर ऐकलं, की त्याची उलटतपासणी पाण्यात. शिवाय टेबलावरचा माइक चालू राहिला तर वकील-अशिलाची कुजबुजही घरोघरी.

रफार: प्रक्षेपण नव्हे, प्रसारण. प्रक्षेपण उपग्रहाचं.

आडकित्ता: अहो, क्रिकेटचं 'थेट प्रक्षेपण' म्हणतात ते काय चेंडू अवकाशात जातो म्हणून?

कलमदान: 'थेट' तरी कुठे? त्याच नियमांत दहा मिनिटांचा उशीर ठेवलाय, नको ते निघालं तर वेळीच थांबवता यावं म्हणून.

मोडी: चालतं की. थेट म्हणजे तत्क्षणी नव्हे. मध्ये कुणी नाही, एवढंच. सरपंचाची थेट निवड म्हणतो तशी.

रफार: वा! मध्ये कात्री घेऊन माणूस बसलाय आणि म्हणे थेट. वाटेत दहा मिनिटं चहाला थांबलेली एसटी थेट का?

मोडी: न थांबणाऱ्या गाडीला एसटी 'विनाथांबा' म्हणते, 'थेट' नव्हे.

आडकित्ता: मंडळी, माझी साक्ष अजून कॅमेऱ्यासमोरच आहे.

रफार: 'विनाथांबा'त विना संस्कृत आणि थांबा मराठी, हा समास मुळात चालतो का ते आधी सांगा.