गणपतीच्या सुट्टीवरून शेडमध्ये दोन गट पडलेत, काय करू?

रत्नागिरी_सुपरवायझर: नमस्कार, मी मच्छी कंपनीत सुपरवायझर आहे, कोळंबी सोलायला ३५ बायका. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की माल सुरू होतो आणि मागोमाग गणपती, त्यामुळे सुट्टीची ओढाताण दरवर्षीची. पण यंदा कोणी भांडतच नाहीये. आधी चहाला सगळ्या एकत्र बसायच्या, आता अर्ध्या पायरीवर नि अर्ध्या बर्फाच्या मशीनपाशी. काल एका मावशीने ट्रे असा आपटला की पाणी माझ्या अंगावर आलं, विचारलं तर म्हणे "काय नाय हो". मालकांना सांगू की आपोआप मिटेल?

जुना_टाइमकीपर: नाही मिटणार. आधी मस्टर काढ आणि गेल्या दोन वर्षांत गणपतीत कोण कोण थांबलं ते बघ. आमच्याकडे एक बाई कधी नाही म्हणायची नाही म्हणून दरवेळी तिलाच थांबवायचे, तिसऱ्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि गेली ती परत आलीच नाही. अजून तिचे ते हातमोजे डोळ्यासमोर येतात. एकेकीला बाजूला घेऊन विचार, सगळ्यांसमोर कोणी बोलणार नाही.

देवगडची_लेक: आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतोय का तेही बघा, कायद्याने तो द्यावाच लागतो. २० किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समितीही लागते, मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे, त्यात बायका हव्यातच. तुमच्याकडे आहे का? कारण तुमच्याबद्दलच तक्रार असेल तर त्यांनी जायचं कोणाकडे?

रत्नागिरी_सुपरवायझर: मस्टर बघितलं. दोन्ही वर्षं त्याच चौघी थांबल्यात, त्यातल्या तिघी मुसलमान. आणि यंदा रमजान ईदला त्यांच्यातल्या दोघींची सुट्टी मीच नाकारली होती, माल आलाय म्हणून. ट्रे आपटणारी मावशी त्यातलीच. समिती नाहीये आमच्याकडे, मालकांशी बोलतो.

मालवणी_माणूस: मग पयला त्यांची माफी माग बाबा, यादी मागसून कर. आणि सुट्टी सगळ्यांना एकाच मापाने देऊ नको, कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा अकरा, ज्यांचा मूळ घरी भावाकडे बसतो त्यांना कधीकधी दोनच दिवस लागतात, ते कोणी विचारतच नाही. नारळी पुनवेच्या आधी विचारून बोर्डावर लाव, साधारण वीस दिवस हातात राहतात. ईदच्या सुट्ट्या पण त्याच कागदावर.

रत्नागिरी_सुपरवायझर: काल दोघींना ऑफिसात बसवून माफी मागितली. एक काहीच बोलली नाही. ट्रेवाली मावशी म्हणाली, "सुट्टीचं जाऊ दे, माज्या पोराचं ईदला नवीन कपडं होतं आणि मी इथं कोळंबी सोलत होते." मला काही बोलता आलं नाही. दीड दिवसवाल्या सहाजणी तिसऱ्या दिवशी यायला तयार झाल्यात, यादी उद्या बोर्डावर लागेल. चहाला अजून दोन जागीच बसतात.