उत्तर: केळीच्या चेंबरला गॅसवरचा फ्युएल सेल

सावद्याच्या भाऊंनी वर विचारलंय की केळी पिकवण्याच्या चेंबरला डिझेल जनरेटरऐवजी नैसर्गिक वायूवरचा छोटा फ्युएल सेल (इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणारं यंत्र) चालेल का. आमचंही रावेरकडे चेंबर आहे, म्हणून लिहितो.

लाइट गेल्यावर चालू करायचं यंत्र म्हणून तो मुळीच घेऊ नका. गेल्या मे महिन्यात रात्री दोनला आमची लाइट गेली आणि जनरेटर उठेना, त्यामुळे चेंबरचा थंडावा बंद पडला. सकाळी क्रेटमधली फणी उचलली, तर देठ मऊ पडून केळी गळून हातात आली. अशा वेळी मिनिटभरात वीज लागते. गॅसवरचा सॉलिड ऑक्साइड, म्हणजे सिरॅमिकचा, फ्युएल सेल आतून 600 ते 1000 अंशांवर चालतो; थंड असेल तर तापायलाच कित्येक तास जातात. सारखा बंद-चालू केला की आतल्या सिरॅमिकच्या चकत्यांना तडे जातात.

रात्रंदिवस एकसारखा लोड असेल तर मात्र गोष्ट वेगळी. यात गॅस जाळून इंजिन फिरवत नाहीत. वायूतल्या हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन थेट वीज मिळते, म्हणून निम्म्याहून जास्त ऊर्जा विजेत उतरू शकते. कार्बन डायऑक्साइड निघतोच, पण धूर आणि धडधड नाही. जपानमध्ये 2009 पासून घरगुती संच विकले जातात, तिथे उरलेल्या उष्णतेवर अंघोळीचं पाणी तापतं.

आणखी एक, गॅसला वास यावा म्हणून घातलेलं गंधकाचं संयुग आधी गाळावं लागतं, नाहीतर सेल खराब होतो.

भाऊ, तुमच्या शेडपर्यंत गॅसची पाइपलाइन आली आहे का? आणि रात्रीचा लोड किती किलोवॅट, तेही सांगा.