लहान विमान उतरवताना होणारी ‘वैमानिकाची चूक’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : पार्ल्याची आई

नमस्कार. आमची मुलगी बारावीनंतर वैमानिक प्रशिक्षणाला जायचे म्हणते आहे. आम्ही विलेपार्ल्यात राहत असल्याने विमानांचा आवाज घरात रोजचाच आहे; पण १४ सप्टेंबर २०२३ रोजी भर पावसात एक खासगी लिअरजेट मुंबई विमानतळावर उतरताना धावपट्टीबाहेर गेले आणि त्यातले आठही जण सुदैवाने वाचले, तेव्हापासून मी लहान विमानांच्या बातम्या लक्षपूर्वक वाचते. त्या अपघाताच्या कारणांबद्दल मला काही म्हणायचे नाही. मात्र अशा बातम्यांत ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द वारंवार येतात आणि पुढे कोणी काही सांगत नाही. चुकतो तो हात की निर्णय? आणि उतरतानाच का?

उत्तर : निवृत्त प्रशिक्षक

ताई, प्रश्न योग्य आहे. उतरताना वैमानिकाला उंची आणि वेग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कमी करायच्या असतात, आणि त्या नेमक्या धावपट्टीच्या सुरुवातीला संपतील असे पाहायचे असते. वर आकाशात दोन्ही शिल्लक असतात, म्हणून चूक सावरता येते. जमिनीजवळ ती सवड उरत नाही.

सर्वांत घातक चूक धावपट्टीच्या रेषेत येण्याच्या शेवटच्या वळणावर होते. समजा, वारा मागून ढकलतो आहे आणि विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागले आहे. विद्यार्थी घाईने पंख जास्त कलवतो, तरीही नाक रेषेवर येत नाही म्हणून रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायाखालचे पेडल, दाबतो आणि नाक खाली जाऊ नये म्हणून योक, म्हणजे नाक वर-खाली करणारा हातातला दांडा, ओढतो. उंची न गमावता वळायचे तर पंखांना जास्त भार पेलावा लागतो, त्यामुळे ज्या वेगाला पंखांची उचल तुटते, म्हणजे विमान स्टॉल होते, तो वेगही वाढतो. तीस अंश कलल्यावर ही वाढ सुमारे सात टक्के असते, पंचेचाळीसला एकोणीस आणि साठ अंशांना तब्बल एक्केचाळीस टक्के. त्यात रडरमुळे विमान तिरके सरकत असेल तर एका पंखाची उचल आधी तुटते, तो खाली झुकतो आणि विमान गिरकी घेऊ लागते. पाचशे फुटांवर त्यातून बाहेर पडायला जागाच नसते. हात चुकला असे म्हणता येईल, पण मूळ चूक वळण उशिरा सुरू करण्याची आणि त्याहून मोठी चूक ते तसेच रेटण्याची. त्या क्षणी पंख सरळ करून, इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे, म्हणजे गो-अराउंड करणे, हाच मार्ग आहे.

उत्तर : ठाण्याचा हौशी वैमानिक

माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. एका संध्याकाळी मुंबईची गाडी गाठायची म्हणून मी घाईत होतो. सेसना १७२ हे लहान विमान घेऊन येताना शेवटच्या टप्प्यावर वेगाचा काटा पासष्टऐवजी अठ्ठ्याहत्तर नॉटवर होता. मी तो पाहिला आणि ‘जमेल’ असे स्वतःला सांगितले. वेग दहा टक्के जास्त असला तर उतरायला साधारण वीस टक्के जास्त लांबी लागते, आणि माझा वेग त्याच्या दुप्पट चढा होता. विमान टेकेना. धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेषा एकामागून एक नाकाखाली जात राहिल्या. शेवटी मी नाक खाली दाबले, पुढचे चाक आधी आपटले, विमान उसळले, मी पुन्हा दाबले आणि दुसरी उसळी पहिलीहून मोठी आली. तेव्हा कुठे हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवणाऱ्या दांड्यावर, गेला आणि मी वर निघालो. दुसऱ्या खेपेला व्यवस्थित उतरलो. गाडी चुकली. चूक हाताची दिसत असली, तरी ती काटा पाहूनही पुढे जाण्याच्या त्या एका क्षणात होऊन गेली होती.

उत्तर : जुहूकर

डोळेही फसवतात, हे सांगायला हवे. जुहूच्या छोट्या विमानतळाची धावपट्टी आणि सांताक्रूझची, म्हणजे मुंबई विमानतळाची, मुख्य धावपट्टी जवळजवळ एकाच दिशेच्या आहेत. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरले. तिथली जेमतेम साडेअकराशे मीटर धावपट्टी त्याला पुरली नाही. विमान कायमचे निकामी झाले, जीवितहानी मात्र टळली. ते प्रवासी विमान होते, पण लहान विमानातही हेच घडते: सवयीपेक्षा अरुंद धावपट्टी दिसली की आपण खूप उंच आहोत असे वाटते आणि वैमानिक नकळत गरजेपेक्षा खाली येतो.

पार्ल्याची आई

तुम्हा सर्वांची मनापासून आभारी आहे. मग प्रशिक्षण संस्था निवडताना मी काय विचारावे?

निवृत्त प्रशिक्षक

विमाने किती आहेत हे सगळेच विचारतात. तुम्ही असे विचारा, की विद्यार्थी एकटा उडत असताना त्याने स्वतःहून गो-अराउंड केला तर खाली आल्यावर त्याला काय ऐकावे लागते. इंधन वाया गेले म्हणून किंवा पुढच्या विद्यार्थ्याची वेळ खाल्ली म्हणून तिथे बोलणी बसत असतील, तर मुलीला तिथे पाठवू नका. शक्य झाल्यास हा प्रश्न कार्यालयात न विचारता, धावपट्टीवरून नुकत्याच परतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा.